साडूंचा शनिवारचा तास

अख्ख्या भिवंडी तालुक्यात पोरांचं सगळ्यांत जास्त नुकसान कुणी केलं असेल, तर ते माझ्या साडूंनी. गुटखावाले, मोबाईलवाले आणि डीजेवाले यांचा नंबर त्यांच्या मागून लागतो. त्या मंडळींनी पोरांना जे लावलं ते सुटण्याजोगं तरी आहे. साडूंनी पोरांना कविता लावली. तीही अशा मुलखात, जिथे आकाश बघायचं तर आधी दोन गोडाऊनच्या पत्र्यांमधली फट शोधावी लागते. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना मान देतो आणि माणूस म्हणून त्यांच्यावर माझा जीव आहे. पण पूर्णा गावाच्या बाजूला एका खासगी मराठी शाळेत उभा जन्म सातवीला मराठी शिकवून त्यांनी काय मिळवलं, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. माझा दापोड्याला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. कवितेशी माझा संबंध टेम्पोच्या मागे पेंटरने लिहिलेल्या दोन ओळींपुरता, आणि त्यातलीही एक ओळ साडूंनी भर रस्त्यात गाडी थांबवून पुसायला लावली. "दुसरी ओळ उगाच आलीय, साडू. पहिली एकटीच बरी होती," असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून माझा टेम्पो अर्ध्या शेरावर धावतो आणि मागच्या गाड्यांचे ड्रायव्हर पुढची ओळ शोधत शोधत पार माझ्या बंपरला येऊन भिडतात.

शाळेच्या वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास अवांतर वाचनाचा होता. बाकीचे शिक्षक त्या वेळात पेपर तपासत, नाहीतर भाजी निवडत. साडूंनी तो कवितेचा करून टाकला आणि मग त्याला कुणाला हात म्हणून लावू दिला नाही. या तासाला पुस्तक उघडायचं नाही, हा पहिला नियम. पोरांना घेऊन ते शाळेमागच्या गल्लीत जात. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणायचे लूम चालतात, दिवसभर नुसती खटाखट. साडू त्या भिंतीला पाठ लावून उभे राहत, पोरांना डोळे मिटायला लावत आणि लूमच्या ठेक्यावर कविता म्हणून घेत. मध्येच लाईट गेली की लूम थांबत, आणि वर्गाची कविताही जिथल्या तिथे थांबे. "कुणी बोलायचं नाही. ही पण कवितेतलीच जागा आहे," असं म्हणून ते सगळ्यांना लाईट येईपर्यंत तसंच उभं ठेवत. आता भिवंडीची लाईट ती, साडूंच्या कवितेसाठी थोडीच धावत येणार! एकदा पोरांना घरी जायला इतका उशीर झाला की आया पदर खोचून शाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शेडचे मालक, म्हातारे चाचा, एक दिवस न राहवून बाहेर आले. "मास्टर, ये बच्चे हर हफ्ते मेरी दीवार को क्यों सुनते हैं?" साडू म्हणाले, "आपका कारखाना हमारे यहाँ तबला बजाता है, चाचा. पगार नहीं दे सकता, माफ करना." चाचांनी त्यानंतर दर शनिवारी भिंतीशी पाण्याचा माठ भरून ठेवायला सुरुवात केली. साडूंच्या आयुष्यात कवितेला मिळालेलं अनुदान एवढंच.

'कवीला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न दिसला की साडूंचं डोकं फिरे. "अरे, त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणून तो मोकळा झाला. आता तू काय म्हणतोस ते बोल!" पोरं बिचारी सरांचं ऐकून परीक्षेत खरंच आपण काय म्हणतो ते लिहून येत, ते गाईडमधल्या उत्तराशी जुळत नसे, आणि मार्क जात. मग पालक येत, मुख्याध्यापक बोलावून घेत, आणि साडू मान खाली घालून सगळं ऐकून घेऊन पुन्हा वर्गात जाऊन तेच करत. कविता लिहून घेण्याच्या बाबतीत तर ते कस्टमवाल्यांपेक्षा कडक. एका पोराने फुलपाखरावर कविता आणली, तर म्हणाले, "आधी फुलपाखरू आण, मग कविता तपासतो." पोरगं दुपारभर गल्ल्या पालथ्या घालून आलं आणि त्याने मूठ उघडली तर आत कापसाचा पुंजका. लूमच्या खिडकीतून उडून आलेला. "सर, उडत तर हेच होतं." साडूंना इतका आनंद झाला की त्यांनी तो पुंजका खिशात घालून घरी आणला आणि आमच्या मेव्हणीबाईंना दाखवला. त्यांनी तो केरात टाकला. दोन दिवस नवराबायकोत बोलणं नव्हतं.

आमच्याकडे हळदीला धवला म्हणायची रीत आहे. लग्नाची जुनी गाणी पाठ असलेली म्हातारी धवलारीण येते आणि गाण्यातूनच सगळा विधी लावते. हल्ली तिला दहा मिनिटं देतात, बाकीची रात्र डीजेची. माझ्या पुतण्याच्या हळदीला म्हातारी गात असतानाच कुणीतरी साऊंड चेक करायला लागलं. साडू बायकांच्या मधोमध मांडी घालून बसलेले, ते उठले, आणि त्यांनी सरळ वायर उपटली. "तुमची गाणी पेन ड्राईव्हमध्ये हायेत, हिची हिच्या डोक्यात. ही मेली का संपलं!" असं मांडवात, हळदीच्या दिवशी, म्हातारीच्या तोंडावर! मला वाटलं आता ही बाई यांना उभं जाळील. पण ती हसली आणि म्हणाली, "बस रं मास्तर. तू बस, मंग मी बोलतंय." आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. पुतण्या तासभर ओल्या हळदीत कुडकुडत बसला होता. माझा भाऊ साडूंशी अजून धड बोलत नाही.

तर अशा या माणसाचा तास काढून घ्यायचं संस्थेने ठरवलं. कॉम्प्युटरला वेळ हवा होता, आणि शाळेत पोरं कमी होत चालली होती. जो तो काल्हेरच्या इंग्लिश मीडियमला पळत होता. मुख्याध्यापक तसे भले गृहस्थ. त्यांनी मार्ग काढला, "सर, स्नेहसंमेलनाला शेठ येणार आहेत. त्यांच्यासमोर तुमच्या तासाचं काहीतरी दाखवा. त्यांना आवडलं तर तास राहील." शेठ म्हणजे संस्थेला देणगी देणारे. आमच्याच पट्ट्यातले, पण आम्ही जमिनी विकल्या आणि त्यांनी घेतल्या, एवढा फरक. कुणाला दाखवण्यासाठी कविता म्हणायची नाही, हा साडूंचा दुसरा नियम. तासासाठी त्यांनी तो मोडला. आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी मानसीला उभं करायचं ठरवलं. सातवीतली पोर, बोलायला बुजरी, बाप शेठच्याच गोडाऊनमध्ये माल चढवायला. ते गोडाऊन जिथे उभं आहे तिथे पूर्वी यांचंच भाताचं शेत होतं. मला हे कळल्यावर मी साडूंना हात जोडले, "दुसरी कुणी पोर नाही का हो? पावसावर, झाडावर?" ते म्हणाले, "साडू, हिची चांगली झालीय." एवढंच. त्यांच्यापुढे तेवढं कारण पुरतं.

मानसी माईकपुढे उभी राहिली आणि वाचण्याच्या भानगडीत न पडता सरळ म्हणाली:

*आजी रोज सकाळी शेतावर जाते.*
*शेत नाही, तरी जाते.*
*वॉचमन म्हणतो, अम्मा, किधर जाना है?*
*आजी म्हणते, आवणीला.*
*वॉचमन म्हणतो, गेटपास दाखवा.*
*आजी आपले दोन्ही हात दाखवते.*

मी रुक्ष माणूस, पण आवणी म्हटल्यावर मला माझी आई दिसली, चिखलात ओणवी होऊन भाताची रोपं लावणारी. मानसीचा बाप माझ्या पुढच्याच रांगेत होता. त्याने मान इतकी खाली घातली की मला त्याची फक्त कॉलर दिसत होती. त्याची नोकरी जाणार हे धरूनच आम्ही सगळे शेठकडे बघत होतो. साडू स्टेजच्या कडेला उभे होते, पांढरे पडलेले, पण ताठ. एवढ्या वर्षांत शिकवलेलं आज कुणाला तरी लागणार, कुणाला तरी त्याचा राग येणार, याची ते वाट बघत होते, आणि त्याची जी किंमत पडेल ती द्यायला ते तयार होते.

शेठ उठले. त्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. माईक घेऊन म्हणाले, "वा गं पोरी! बगा, याला म्हनतात सेक्युरिटी! गावची म्हातारी असली तरी आमचा वॉचमन गेटपास बगितल्याबिगर आत सोरत न्हाय! आपल्या गोडावनवर अशी कविता आजवर कुनी केली न्हवती." मग टाळ्याच टाळ्या. सगळ्यात आधी मानसीच्या बापाने वाजवल्या, सुटका झाल्यासारख्या. चूक शेठची तरी कशी म्हणू? आमच्याकडे स्टेजवर पाहुणा बसला की समोरून येतं ते कौतुकच असतं. दुसरं काही येऊ शकतं हे त्यांच्या कानांना ठाऊकच नव्हतं. आणि ज्यांना ठाऊक होतं ते आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

पुढे सगळं चांगलंच झालं, हेच वाईट झालं. आठवड्याभरात गोडाऊनच्या गेटवर दोन माणसं उंच फ्लेक्स लागला. वर हात जोडलेले शेठ, खाली पूर्ण कविता, आणि त्याखाली 'चोवीस तास कडक सुरक्षा'. जागा भाड्याने बघायला कंपन्यांची माणसं आली की शेठ त्यांना तिथे थांबवून वाचून दाखवतात. आजी तिथे उभी असलीच तर तिच्यासोबत फोटो काढतात. आत मात्र तिला अजून सोडत नाहीत. बक्षीस म्हणून शेठने मानसीचा काल्हेरच्या इंग्लिश शाळेतला सगळा खर्च उचलला. पेढे घेऊन बाप साडूंकडे आला तेव्हा तो रडत होता, आनंदाने. साडूंनी पेढा खाल्ला आणि पोरीच्या दाखल्यासाठी ऑफिसात स्वतः जाऊन उभे राहिले. तासही राहिला. उलट मुख्याध्यापक म्हणाले, "सर, आता एकाचे दोन करू. शेठच्या वाढदिवसाला, उद्घाटनांना पोरांकडून अशाच कविता लिहून घ्या, त्यांचा आग्रह आहे." साडू घरी आले, चप्पल न काढता दारातच बसून राहिले, आणि सोमवारी जाऊन त्यांनी तो तास आपण होऊन कॉम्प्युटरला देऊन टाकला. मी चिडून बोललो, "अहो, ज्याच्यासाठी एवढं केलं तोच सोडलात?" तर म्हणाले, "कॉम्प्युटरच्या तरी कामाला येईल." मला त्यांचा इतका राग आला, आणि शेठचा, आणि माझ्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांचा, की मी त्यांना वाटेल तसं बोललो. ते ऐकत राहिले. पूर्वी मला निदान उलट सुनावायचे.

परवा त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून मी त्या गेटवरून येत होतो. शाळेची बस तिथेच थांबते. मानसी टाय लावून उभी होती, आजी तिचं दप्तर धरून. सरांना बघून पोर धावत आली. साडू उतरले. काय विचारावं ते सुचेना त्यांना, म्हणून विचारलं, "तिथे कविता असते का गं?"

"असते ना, सर. पोएम बोलतात. हात हालवून बोलायची सगल्यांनी. मी नुसते ओठ हालवते."

"आणि मनात?"

तिने आधी मागे फ्लेक्सकडे बघून घेतलं आणि आवाज बारीक केला. "मनात माझी चालते. पन लिवत न्हाय, सर. लिवली का ती गेटवर लावतात."

बस आली. ती गेली. साडू रस्त्याच्या कडेला तसेच उभे राहिले; कंटेनर धूळ उडवत जात होते. थोड्या वेळाने ते आपले आपण येऊन मागे बसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो घर येईपर्यंत काढला नाही, आणि मीही गाडी जरा हळूच चालवली.