बिनसाखरेचा चहा

जहाजावरच्या पहिल्याच जेवणाला ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला तोंडघशी पाडायचं जवळजवळ नक्की केलं होतं. टेबलावर आम्ही सहाजण होतो, सगळे मराठी, एकाच टूरमधले. पुण्याच्या एक बाई माझ्या बोलण्याचं कौतुक करत होत्या. "वसईच्या असून किती शुद्ध बोलता हो तुम्ही." त्यातला 'असून' खरं तर टोचायला हवा होता. मला तो गोड लागला. तेवढ्यात हे म्हणाले, "अहो, हिच्या माहेरी साखरेला हाकर म्हणतात. साताला हात. लग्नानंतर सासूबाई मला म्हणाल्या, हात वाजता जेवायला या, तर मी हातच धुवायला गेलो." मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, बुटासकट. ते सूप पिऊ लागले.

माझं माहेर वसईतल्या नंदाखालचं. नारळ, केळी, विहीर आणि वाडीच्या कडेने ख्रिस्ती शेजाऱ्यांची घरं. त्यांचे सण वेगळे, आमचे वेगळे, त्यांची प्रार्थना वेगळी, पण घरात बोलायची भाषा मात्र दोघांचीही एकच, कादोडी. तिच्यात 'स'चा 'ह' होतो, 'च'चा 'स'. सांज नाही, हांज. सासू नाही, हाहू. मी डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाठ वाचताना 'हाकर' म्हणाले आणि वर्ग हसला. त्या वर्षात मी जिभेला असं वळण लावलं की पुढे कुणाला शंकाही आली नाही. नंतर आगाशीजवळच्या एका शाळेत तीसेक वर्षं मराठी शिकवलं. लग्नानंतर राहायला गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये आले. तिथे आमच्या मजल्यावर साताऱ्याचे, रत्नागिरीचे लोक, म्हणजे कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. आईशी फोनवर बोलायची वेळ आली की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगत आले.

ही क्रूझ मुलीच्या हट्टामुळे घडली. बार्सिलोनाहून निघायचं, मालागा, कादिझ, लिस्बन अशी जुनी बंदरं बघत इंग्लंडला उतरायचं, सोळा दिवस. तिला वाटलं, आईला इतिहासाची आवड आहे. आवड होती, पण त्याहून जास्त चार लोकांना इतिहास सांगायची हौस होती.

त्या पहिल्या जेवणात सूपच्या वाट्या उचलायला वेटर आला आणि माझ्यापाशी थांबला. चाळिशी ओलांडलेला, देखणा, काळं जाकीट, केस चापून बसवलेले. "नमस्कार, बाई," तो म्हणाला. "मी तुमचा विद्यार्थी. पाचवी ब. नंदाखालचा." मी आठवल्यासारखं केलं. शिक्षकांना ते जमतं. "अरे वा, किती मोठा झालास," वगैरे. माझं माहेरही तिथलंच, हे शाळेत मी कुणाला कळू दिलं नव्हतं, त्यालाही आता सांगितलं नाही. टेबलावर एकच कौतुक. पुण्याच्या बाई म्हणाल्या, "बघा, इतक्या लांबही विद्यार्थी भेटतो, याला म्हणतात पुण्याई." त्याने चहासाठी विचारलं, "बाई, साखर चालते का?" मी म्हटलं, नाही रे, डायबिटीस. त्यानंतर रोज सकाळी न सांगता माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा यायचा, दूध बेताचं, कप आधी गरम पाण्याने धुतलेला. इतरांना तो तेवढं करत नव्हता. मी हे लोकांच्या लक्षात येईल अशा बेताने बसत असे.

तो कोण, ते मला मालागाला आठवलं. किल्ला बघून आम्ही परत जहाजावर चढलो आणि तो दारातच उभा राहून आमच्या टेबलाची माणसं मोजत होता. "सगळे आले का?" त्याने विचारलं. त्या 'सगळे'मधला 'स' त्याने इतका जपून आणि लांबवून म्हटला की मी पायरीवरच थबकले.

पाचवीच्या पुस्तकातल्या एका धड्यात वाक्य होतं: सगळे पक्षी उडून गेले. मी एका मुलाला वाचायला उठवलं. त्याने मोठ्या खणखणीत आवाजात वाचलं, "हगळे पक्षी उडून गेले." वर्गात निम्मी मुलं बाहेरून आलेली, नोकरदारांची. त्यांना तो शब्द कसा ऐकू आला ते सांगायला नको. वर्ग फुटला. मुलं बाकावर लोळायला लागली. आणि मीही हसले. हे लिहायला मला जड जातंय, पण मी चांगली पोट धरून हसले, हातातला खडू खाली पडला. त्याच सकाळी आई फोनवर मला म्हणाली होती, 'हगळा नीट हाय.' सगळं ठीक आहे. तोच शब्द, चार तासांपूर्वी. मग मी फळ्यावर 'सगळे' लिहिलं आणि त्याला पुढे उभं करून पन्नास वेळा म्हणायला लावलं. म्हण, सगळे. जीभ दातामागे ने. सगळे. त्याचे कान लाल झाले होते आणि तो फळ्याकडेच बघत होता. पुढे दहावीपर्यंत मुलं त्याला हगळ्या म्हणायची. व्हरांड्यातून ती हाक कितीदा माझ्या कानावर आली. एकदाही मी कुणाला दटावलं नाही.

मी गावातल्या मुलांना वाचवत होते, असं तेव्हा मी समजत असे. जे मला भोगावं लागलं ते यांना लागू नये. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायला मिळालं याचा मला आनंद झाला होता.

एवढं आठवल्यावर मी त्याला एकटा गाठून काही बोलायला हवं होतं. बोलले नाही. म्हटलं, तीस वर्षं झाली, तो विसरला असेल. तसा तो खूश दिसत होता.

लिस्बनच्या आदल्या दुपारी टूरवाल्यांनी मला डेकवर छोटंसं व्याख्यान द्यायला सांगितलं, वसई आणि पोर्तुगीज. मी रंगात आले. किल्ला सांगितला, बंदर सांगितलं, पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द तिकडून कसे आले ते सांगितलं. लोक माना डोलवत होते. मागच्या बाजूला तो कपबश्या गोळा करत होता आणि ऐकत होता. शेवटी डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्याकडे गावातून काहीतरी वेगळीच भाषा बोलतात म्हणे?" माझी आई डोळ्यांसमोर आली, तिचे हातही. आणि मी म्हणाले, "हो, बोलतात. शिकलेली माणसं नाही बोलत. हळूहळू सुटतेय ती." लोक हसले, मीही हसले. मागे बशीवर बशी ठेवल्याचा आवाज आला. मी तिकडे पाहिलं नाही.

लिस्बन सुंदर होतं असं सगळे म्हणतात. मला तिथली उंच चढण आठवते आणि एका चर्चमधला थंडावा. बाकी काही मनावर उमटलं नाही.

लिस्बननंतर समुद्र खवळला. तिसऱ्या दिवशी दुपारी मला इतकी मळमळ सुटली की केबिनमध्ये बसवेना. हे मला डेकवरच्या एका खुर्चीत आडवं करून गोळी आणायला गेले. डोळे मिटले तरी खुर्ची, आभाळ, माझं डोकं, सगळं गरगरत होतं. त्या अवस्थेत माणूस शुद्ध बोलत नाही. मी कण्हत म्हणाले, "आये, हगळा फिरते."

कुणीतरी जवळ होतं. डोळे उघडले तर तो, हातात पाण्याचा ग्लास. तो वाकला. त्याचा चेहरा एकदम पोरसवदा झाला होता, घरचं माणूस गर्दीत सापडल्यासारखा. हळू आवाजात तो म्हणाला, "बाय, तुमी आमसे?"

तुम्ही आमच्यातल्या? एवढंच विचारलं होतं त्याने. 'हो रे' म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणाले, "काय म्हणालास? मला कळलं नाही."

तो सरळ उभा राहिला. "काही नाही, बाई," तो म्हणाला. "लिंबाची फोड आणतो. चोखलं की बरं वाटतं." आणि आणलीही. मी ती चोखली, आणि मळमळ थांबली. लाज तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला. नाश्त्याला ह्यांनी त्याला सहज विचारलं, "घरी कोण कोण असतं?" तो म्हणाला, बायको आणि दोन मुली. आई चार वर्षांपूर्वी गेली.

"जहाजावर होतास का रे तेव्हा?"

"नाही साहेब, रजा मिळाली होती. शेवटचे वीस दिवस तिच्याजवळ होतो." त्याने ह्यांच्या कपात चहा ओतला. "पण आमचं बोलणंच झालं नाही. तिला फक्त आमची भाषा यायची. मी पाचवीपासून घरीही असंच बोलायला लागलो होतो, शाळेतलं. ती शेजारणीला सांगायची, माझा मुलगा पाहुण्यासारखा बोलतो. शेवटी तिला ऐकायला कमी यायचं. मी काय म्हणतोय ते तिला कळायचं नाही. शेजारीण मध्ये बसून तिला सांगायची. मी प्रयत्न केला, पण जीभ वळेना."

"अरेरे," हे म्हणाले.

"चालायचंच. पण बाईंमुळे माझं मराठी सुधारलं, हे मात्र खरं." त्याने माझ्याकडे पाहून हसून सांगितलं. टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता. तो मनापासून आभार मानत होता.

पुण्याच्या बाई म्हणाल्या, "शिक्षक असावा तर असा." मी टोस्टला लोणी लावत राहिले. लावून झालेल्या टोस्टलाच पुन्हा लावत होते.

जहाज इंग्लंडला लागायला अजून दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मला एकच काम होतं, त्याला सांगायचं की तू विचारलंस ते मला कळलं होतं. मी तुमच्यातलीच आहे, तुझ्या आईचा प्रत्येक शब्द मला कळला असता आणि तुझाही कळत होता. मी केबिनमधल्या आरशापुढे उभी राहून कादोडीत वाक्यं जुळवली. आई गेल्यापासून ती भाषा माझ्या तोंडात नव्हती. वाक्य अर्ध्यावर शाळेच्या मराठीत शिरायचं. नवऱ्याने बाथरूममधून विचारलं, "कुणाशी बोलतेस?" मी म्हटलं, कुणाशी नाही. त्या संध्याकाळी एकदा तो जिन्यात एकटा भेटला तर मी त्याला नॅपकिन मागितला. दुसऱ्या दिवशी तो दोनदा समोर आला, दोन्ही वेळा आजूबाजूला आमचे लोक होते, आणि मी त्याला हवापाण्याबद्दल विचारलं. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी, म्हणतात. मला जनाची तेवढी होती.

शेवटची सकाळ उजाडली. बंदर दिसत होतं, सामान दाराबाहेर गेलं होतं. नाश्त्याला आमचं टेबल पूर्ण भरलेलं, पुण्याच्या बाई शेजारीच. तो आला आणि नेहमीसारखा माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना. एकच शब्द हाताशी होता, ज्याच्यामुळे मी पहिल्यांदा हसू ओढवून घेतलं तो. मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला जरा हाकर दे."

पुण्याच्या बाईंनी चमचा खाली ठेवला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांना कुणी पाय मारायची गरज पडली नाही. मला डायबिटीस आहे, हे त्या पोराला सोळा दिवस पाठ होतं. मी साखर कशासाठी मागते आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच कळलं नसतं.

तो गेला, साखरेची वाटी आणली, माझ्या कपाशेजारी ठेवली आणि वाकून, फक्त मला ऐकू येईल असं, मी वर्गात म्हणायची तसं सावकाश म्हणाला, "साखर, बाई."

स अगदी स्वच्छ होता. सवयीने म्हणाला की मुद्दाम, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. पण मी मान वर केली नाही. चहात दोन चमचे घातले, ढवळले आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.