फक्रूचाचांचा लोटा

हौदात पाला साचतो तसे आमच्या मुरूम गावच्या मशिदीत किस्से साचतात. वरचेवर काढावे लागतात, न्हाय तर पाणी नासतं! मी शाळेची पायरी चढले न्हाय. कुराणाचं मराठी भाषांतर अक्षर लावत लावत स्वतः वाचलंय. म्हणून गुमान ऐकायचं!

मशीद आणि मागचं कब्रस्तान फक्रूचाचा सांभाळायचे. वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, माणशी एक लोटा. एकदा रिटायर्ड मास्तरांनी नळ भसाभसा सोडला. चाचांनी येऊन बंद केला.

"मास्तर, वजू करताय का म्हैस धुताय?"

"आणि नदीकाठी असतो तर?"

"तरी लोटाच!"

बरोबरच हाय. वाहत्या नदीवर सुद्धा पाणी उधळू नये, हे पैगंबरांचंच सांगणं.

वजूचं पाणी चाचांनी पाइप टाकून कब्रस्तानात नेलं आणि तिथं चिंचेचं रोप लावलं. मी म्हटलं, "चाचा, ऐंशी गाठली. हिला चिंचा लागंस्तोवर तुम्ही असणार का?"

"इथंच असणार की, आपा! सावलीत!"

शेजारच्या शांताबाईंची शेळी रोपाचा शेंडा खाऊन गेली. चाचा तणतणत भांडायला गेले, आणि भाकरी-शेंगाचटणी खाऊन शेळीचं कौतुक करत परतले! दुसऱ्या दिवशी शांताबाईच बाभळीचे काटे घेऊन हजर. "शेळीला कब्रस्तान कळत न्हाय चाचा, काटा कळतो."

रमजानात इफ्तारीला प्लास्टिकचे ग्लास आले. मी दारातच अडवले. "सवाब-पुण्य कमवायला आलात आणि कचरा टाकून जाणार?" घरोघरचे पेले आले. इमामसाहेब आपला विसरले. ते सरबत लोट्यानं प्याले!

यंदा उन्हाळ्यात बोअर आटलं आणि चाचांनी अंथरूण धरलं. भेटायला गेलं की एकच विचारणं, "आपा, चिंच जगंल न्हवं?"

"मी हाय की!" म्हणायची, आणि घरचं तांदूळ धुतलेलं पाणी रोपाला न्यायची.

चाचा गेले. मातीच्या वेळी आम्ही बायका कब्रस्तानाच्या बुटक्या भिंतीबाहेर उभ्या होतो. माती सारून झाली. आता रिवाजाप्रमाणं कबरीवर पाणी शिंपायचं. चाचांचा थोरला, सलीम, लोटा घेऊन डोक्याकडून पायाकडं शिंपत निघाला आणि अर्ध्यातच थांबला.

"पुरं टाक की, बेटा," इमामसाहेब म्हणाले.

सलीमनं बाहीनं डोळे पुसले. "नको. अब्बा उठून रागावतील."

आणि लोटा घेऊन तो चिंचेकडं वळला.