सात औटं किती

मार्थाबाईंना औटकी येत नाही, अशी जवळजवळ वर्षभर माझी खात्री होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आता तो कुणी म्हणत नाही, पण त्या काळी तो पाठ नसलेल्या पोराची धडगत नसे. आणि या बाई, सगळी हयात मुली शिकवण्यात घालवून आता शेवगावात येऊन राहिलेल्या, आमच्या ओसरीवर बसून खणखणीत आवाजात म्हणायच्या, "सहा औटं एकवीस, सात औटं सव्वीस." म्हणताना नाकावर घसरलेला चष्मा बोटानं वर सारायच्या. उंबऱ्याच्या आत काजं करत बसलेली माझी आई मान वर न करता पुटपुटायची, "साडेचोवीस ना, बाई?" बाई थांबायच्या, बोटांवर काहीतरी मोजायच्या आणि पडेल आवाजात विचारायच्या, "चुकलं का माझं?"

मला वाटायचं, काय ही बाई. रोज तिथंच पडते.

आम्ही शिंपी. अण्णांचं मशीन रस्त्याच्या कडेला ओसरीवर, आई आत काज-बटण करायची आणि बायकांची मापं घ्यायचं काम माझं. मार्थाबाई पहिल्यांदा आल्या त्या पांढरा झंपर शिवायला. चर्चच्या आवारातल्या एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. नवरा तरुणपणीच वारलेला, मूलबाळ नाही. पाठीचा कणा ताठ, काखेत काळी छत्री. मी त्यांच्या बाहीचं माप घेतलं आणि अण्णांना तिथूनच सांगितलं, की यांच्या तुकड्यात झंपर बसून वर एक लहान पिशवी निघेल. बाई माझ्याकडे वळून बघत राहिल्या.

"कितवीत आहेस?"

"चौथी झाली."

"मग पुढं?"

उत्तर अण्णांनी दिलं. "पुढं काय, मास्तरीणबाई. पोरींची शाळा चौथीपस्तोर. पुढं पोरांत बसावं लागतं. तेराव्यात हाय ती आता. घरीच बरी."

"मग घरी शिकवा."

"कोन शिकवनार? मला मापापुरतं येतं. हिची आई दुसरीतून उठली."

बाई आत डोकावल्या. आईनं सुई थांबवली होती. "दुसरी पुष्कळ झाली," बाई म्हणाल्या. "मी मुलीला नाही शिकवणार. मी तुम्हाला शिकवीन. तुम्ही तिला शिकवा. सातवीच्या फायनलला बाहेरून बसता येतं."

अण्णा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. त्यांनी आपली अट मात्र घातली. काष्टीहून माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं. फायनल पास झाली तर पोर नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाईल, नाही झाली तर पुढच्या वैशाखात काष्टीला. मला काष्टीला जायचं नव्हतं. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, पण ते नाव निघालं की मी उठून आत जायचे. त्या दिवसापासून माझं सगळं आयुष्य आईच्या दुसरीवर टांगलं गेलं.

बाई दुपारी यायच्या, आईला शिकवायच्या आणि मला तेवढा वेळ बाहेर पिटाळायच्या. संध्याकाळी आई मला शिकवायची आणि बाई बाजूला बसून आमचीच मेथी निवडायच्या. शेजारपाजारच्यांनी कुरकुर केली, ख्रिस्ती बाई रोज घरात कशाला म्हणून. अण्णांनी मशीन न थांबवता सांगितलं, "माझ्या मशीनवर समद्या गावाचं कापड येतं. ते कुठं बाटतंय?" विषय तिथं संपला.

आईला मात्र धीर नव्हता. पाटी हातात घेतली की ती पदरानं पुसतच बसायची. "मला न्हाई येत, बाई. पोरीपुढं चुकले तर?" ती म्हणायची. बाई म्हणायच्या, "पाटीवरची चूक पुसता येते, गोदाबाई. कापडावरची येत नाही. म्हणून सगळ्या चुका पाटीवर करून घ्याव्यात." लढाईचे दिवस होते, कापडावर कंट्रोल होता, चुकीची कात्री चालवणं आम्हाला परवडणारं नव्हतं. आईला हे चटकन पटलं. तरी माझ्यासमोर तिचा आवाज निघायचा नाही.

तेव्हा बाईंनी चुकायला सुरुवात केली. हे मला वर्ष सरत आलं तेव्हा कळलं. मी समोर असले की बाई मुद्दाम चुकायच्या, ती चूक आईनं धरायची आणि ती धरताना मी बघायचं. सात औटं ही त्यांची आवडती जागा. पैरणीला साडेतीन वार कापड लागायचं, त्यामुळे सात पैरणींचं कापड आईला झोपेतही सांगता आलं असतं. चष्मा वर सारणं ही आईला खूण होती. पहिल्यांदा तिनं बाईंची चूक धरली तेव्हा तोंडात पदर कोंबला होता. हळूहळू ती पदर न कोंबता बोलू लागली. मग एकदा सुई खाली ठेवून म्हणाली, "न्हाई बाई, असं न्हाई. मी दाखवते." मी आईकडे त्या दिवशी प्रथम बघितलं म्हटलं तरी चालेल. अण्णा बिचारे माझ्यासारखेच अंधारात. ते आईला म्हणायचे, "मास्तरीणबाई चांगल्या हायेत गं, पन हिशोबात कच्च्या." आणि आई मान डोलवायची.

नुसत्या पाढ्यांवर बाईंचं समाधान नसे. पोस्टात जाणं, पाकिटावर पत्ता घालणं, औषधाच्या बाटलीवरच्या खुणा बघून आजाऱ्याला औषध देणं, सर्व्हिस मोटार कुठं सुटते आणि कुठं थांबते हे चारचौघांत विचारणं, हे सगळं त्यांच्या अभ्यासात होतं. एकदा मला एकटीला पोस्टात पाठवलं. कोपऱ्यावर मागं वळून बघितलं तर आई डोक्यावरून पदर घेऊन माझ्या मागं येत होती आणि बाई छत्रीची मूठ तिच्या दंडाला अडकवून तिला परत ओढत होत्या. "तिला रस्ता विचारू द्या," त्या म्हणत होत्या. "रस्ता विचारता आला की माणूस कुठंही जातं. तुम्ही पाठीशी असलात तर ती तुम्हालाच विचारील." घरी आल्यावर आईनं मला उगाचच जवळ घेतलं. बाई मेथी निवडत होत्या.

फायनल काही महिन्यांवर आली तेव्हा बाईंची छत्री आमच्याकडे राहू लागली. आधी एखादे वेळी, मग वरचेवर. एके दिवशी त्या दुपारी येऊन गेल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा आल्या, तेच मघाचं बोलणं घेऊन. वय झालं, असं आई म्हणाली.

मग एका दुपारी मी दोऱ्याचं रीळ घेऊन परतले, तर बाई आईला म्हणत होत्या, "सात औटं सव्वीस." मी आल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आई सवयीनं हसली आणि म्हणाली, "साडेचोवीस, बाई." मग तिनं बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा नाकाच्या टोकावर होता तसाच होता. बाई पाटीकडे खूप वेळ बघत होत्या. "कसं?" त्यांनी विचारलं. आईनं फरशीवर खडूनं रेघा मारून दाखवलं, सात पैरणी, प्रत्येकीचं साडेतीन वार. बाईंनी रेघांवरून बोट फिरवलं, आणि विचारलं, "चुकलं का माझं?"

या वेळी त्या खरंच विचारत होत्या. आईचं हसू थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, मग गेलं.

रात्री जेवताना आईनं माझ्यासमोर अण्णांना सगळं सांगितलं, खुणेसकट. अण्णांनी ताट बाजूला सारलं. मग ते म्हणाले, "दुसरा मास्तर बघू. पोरीची फायनल तोंडावर आली. वाईट वाटतं, पन पोरीचं नुकसान व्हायला नको."

"दुसरा न्हाई," आई म्हणाली. "त्याच शिकवतील."

"अगं, त्या चुकतात आता."

"मी हाय की चूक धरायला."

"काळ-काम-वेगात धरशील? त्रैराशिक येतंय तुला?"

"न्हाई येत," आई म्हणाली. "शिकते."

आणि शिकली. पहाटे अण्णा मशीनवर बसून पुस्तकातलं उदाहरण मोठ्यानं वाचायचे, कारण आईचं वाचन सावकाश. मग दोघं मिळून ते सोडवायची, भांडायची, पुसायची, पुन्हा मांडायची. पूर्वी बाई कुठं चुकणार हे आईला आधी माहीत असायचं. आता माहीत नसायचं, त्यामुळे तिला सगळंच यावं लागायचं. दुपारी बाई आल्या की आई पाटी घेऊन समोर बसायची आणि बाई चुकल्या की पूर्वीच्याच हलक्या सुरात म्हणायची, "असं ना, बाई?" बाईंना कळू नये म्हणून ती धडपड. संध्याकाळी मला शिकवताना तिचा आवाज एकदाही अडखळला नाही. मला आठवतं, नळ आणि हौदाची उदाहरणं मला आईनं शिकवली. आमच्या घरी नळही नव्हता आणि हौदही नव्हता.

एकदा बाई छत्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "गोदाबाई, हल्ली मी फार चुकते का?"

आई काजं करत होती. "पूर्वीइतक्याच चुकता, बाई," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. चष्मा बोटानं वर सारला आणि हसल्या. त्यांना कळलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, कळलं होतं.

फायनलसाठी नगरला निघालो त्या सकाळी मोटारीपाशी बाई आल्या. छत्री नव्हती. आमच्याकडेच शिवलेला तो पांढरा झंपर अंगात होता आणि त्याची बटणं एकाआड एक चुकीच्या काजात गेली होती. आईनं बोलता बोलता ती सगळी सोडून पुन्हा नीट लावली, लेकराची लावतात तशी. बाईंनी मला जवळ बोलावलं. "सात औटं?"

"साडेचोवीस," मी म्हटलं.

"चूक," बाई म्हणाल्या. "सव्वीस." चष्म्याला हात गेला नाही.

मी आईकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा तिनं बाईंची चूक धरली नाही, ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला रडू आवरेना. तशातच मी विचारलं, "चुकलं का माझं, बाई?"

"असू दे," त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पेपरात नको चुकूस."

मी नाही चुकले. पास झाले, काष्टीला नकार गेला आणि मी नगरला ट्रेनिंगला राहिले. मी तिथं असतानाच बाईंचा भाचा शेवगावला येऊन त्यांना केडगावला आपल्या घरी घेऊन गेला. आईनं मला निरोप धाडला, जाऊन ये म्हणून. परीक्षा, मग ताप, असं होता होता मला उशीर झाला. केडगावला पोचले तेव्हा बाईंना जाऊन आठवडा उलटला होता. छत्री दाराशी खुंटीला होती.

याकोबभाऊंनी, म्हणजे त्या भाच्यांनी, मला चहा दिला. साधा, कष्टाळू माणूस. आत्याचं त्यांनी मनापासून केलं होतं. म्हणाले, "आत्या शेवटाला लई पाढे म्हनायची. दिसरात तेच. पन चुकीचं म्हनायची. आमी सांगायचो, आत्या, सव्वीस न्हाई, साडेचोवीस हुतंय. मंग रडायची. म्हनायची, तुमाला काय कळतंय, शेवगावच्या गोदाबाईला इचारा. तिला बरोबर येतं." मग त्यांनी मला विचारलं, "कोन ह्या गोदाबाई? मोठ्या मास्तरीण हुत्या का?"

"हो," मी म्हटलं. "मास्तरीणच. माझी आई."

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला हे सगळं सांगितलं. ती उंबऱ्याच्या आत नेहमीच्या जागी काजं करत बसली होती. बाईंना माती कुठं दिली, कोण कोण होतं, हे तिनं विचारलं. मग मी तो शेवटचा निरोप सांगितला, गोदाबाईला विचारा, तिला बरोबर येतं. आईची सुई थांबली. ओसरीवर अण्णांचं मशीनही थांबलं. बाई बसायच्या त्या कोपऱ्याकडे आईनं बघितलं. मग पूर्वीसारखीच मान खाली घालून, हळूच म्हणाली, "साडेचोवीस, बाई."