नवाची बेरीज

परभणीच्या दवाखान्यात कंबरदुखीच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, त्या सोमवारी बाकावर मी, गंगाखेडकडचा एक ऊसतोड कामगार आणि त्याची बायको असे तिघंच होतो.

दुखणं दहापैकी किती, असं सिस्टरनं विचारलं की तो आधी दोन्ही तळहात बघायचा, मग सांगायचा, "सात." मागून बायको पुटपुटायची, "दोन." पुढच्या सोमवारी सहा आणि तीन. मग पाच आणि चार. बेरीज नऊच.

मी त्याला तसं म्हणालो. तो हसला. "मुकादम आमाला दोघायला मिळून एकच कोयता धरतो, भाऊ. दुखनं बी एकच हाय."

शेवटच्या सोमवारी "शून्य" म्हणून तो ताडकन उठला. तिला उठता येईना. मी सिस्टरला दाखवलं, पण तिचं नाव चाचणीच्या यादीत नव्हतं. येण्याजाण्याच्या भाड्याचे तीनशे त्याला मिळाले, तीनशे मला.