नऊशे चाळीस पावलं

माझं पाऊल अडीच फुटांचं आहे. बोटीवर लागण्याआधी तीन वर्षं मी महाड-पोलादपूर भागात रस्त्यांच्या मोजणीवर होतो. साखळी नेता येत नसे तिथे साहेब आम्हाला पावलं मोजायला लावत. तेव्हापासून चालताना मनात आकडा चालूच असतो. ही सवय चांगली की वाईट, ते मला सांगता येणार नाही. पुढे जे लिहितो आहे त्यातले पावलांचे आकडे मात्र मोजलेले आहेत, अंदाजाचे नाहीत.

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या सुमाराची गोष्ट. मी मालवाहू बोटीवर कोठाराचा कारकून होतो. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा माझ्याच शब्दावर खलाशी म्हणून दुसऱ्या एका बोटीवर लागला आणि दुसऱ्याच सफरीत लंडनला बोट सोडून तिथेच राहिला. भाऊ आधीच वारला होता. वहिनीला तो एकुलता एक. सुरुवातीला त्याची दोन पत्रं आली, त्यातल्या एकावर राहण्याचा पत्ता होता. मग चौदा महिने काही नाही. आमच्या कापडे गावात कोणी म्हणे त्याने मडम केली, कोणी म्हणे तुरुंगात आहे. वहिनी कोणाला उत्तर देत नसे.

माझी बोट लंडनला जाणार असं कळल्यावर तिने एका डब्यात कुळथाचं पीठ आणि पुडीत बांधलेला सुका जवळा भरला, वरून फडकं शिवलं आणि डबा माझ्यापुढे ठेवला.

"भावोजी, पत्रबित्र नको मला. त्याला डोळ्यांनी बघून या. जाडा हाय का रोड, येवढं येऊन सांगा."

दोन-अडीच महिन्यांनी मी परत आलो तेव्हा ती पडवीत उभीच होती. मी सांगितलं, की भेट झाली नाही, तो कामावर गेला होता. घरमालकीण म्हणाली तो बरा आहे, डबा तिच्याकडे दिला. हे सगळं खरं होतं. वहिनी म्हणाली, "जाडा का रोड, ते तिनं सांगितलं नाय?" मी नाही म्हणालो. ती आत गेली.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाजाराला निघालो. पोलादपूरला तेव्हा आम्ही पायीच जात असू. घरापुढच्या खळ्यातून उतरतानाच ती म्हणाली, "सांगा आता, तो गाव कसा हाय."

मी म्हणालो, वहिनी, ही आपली पायरी म्हणजे नदीकाठच्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा समजा. खलाशांसाठी काम करणारी एक धर्मादाय संस्था तिथून रोज सकाळी दहाला लोकांना फुकट शहर दाखवायला नेत असे. पुढे एक म्हातारा साहेब, छत्री उंच धरून, आणि मागे आम्ही अकराजण. माझ्या काखेत डबा. त्या डब्याच्या वासाने माझ्या शेजारी कोणी चालेना.

वहिनी खुदकन हसली. "जवळा तळाला घातला हुता मी."

किल्ल्यात मोठे काळे डोमकावळे पाळलेले आहेत. ते उडून गेले तर राज्य जाईल अशी तिथली समजूत, म्हणून त्यांचा एकेक पंख कापून ठेवतात आणि रोज मटण घालतात, असं मी तिला सांगितलं.

"म्हंजे ते ऱ्हायलेत, ते काय मायेनं ऱ्हायलेत होय," ती म्हणाली.

शाळेशी आलो तेव्हा माझी नऊशे वीस पावलं झाली होती. लंडनला तेवढ्याच पावलांवर येणारा उंच खांब मी तिला तिथे दाखवला. पूर्वी ते सगळं शहर जळालं होतं, त्याची आठवण म्हणून तो उभारलेला आहे. आत गोल जिना आहे. छत्रीवाला म्हणाला, ज्यांना चढायचं आहे त्यांनी चढा. तीनशे अकरा पायऱ्या असं त्याने सांगितलं होतं. मी मोजल्या. बरोबर निघाल्या.

"नि वर काय हुतं?"

"काही नाही. वारा."

"मग कशाला चढलात?"

"मोजायला."

"तुम्ही म्हंजे ना भावोजी," ती म्हणाली आणि डोक्यावरची पाटी सारखी केली.

दोन हजार चारशेला मोठ्या घुमटाचं देऊळ. त्याच्याभोवती लढाईत बॉम्ब पडून मोकळी झालेली जागा अजून तशीच होती, गवत माजलेलं, पडक्या तळघरांतून झाडं वर आलेली. साहेबांची घरंही पडतात याचं तिला नवल वाटलं. तिथून पुढे बराच वेळ नुसता व्यापारी पेढ्यांचा आणि दुकानांचा रस्ता. पाच हजार तीनशेला सिंहांचा चौक, चार सिंह, बसलेले. आणि सहा हजार सहाशे चाळीसला नदीकाठी राज्यकारभाराचा वाडा आणि त्याचं मोठं घड्याळ. आमच्या रस्त्यावर ती जागा ओढ्यावरच्या एका मोरीच्या कठड्यापाशी आली. मी थांबलो.

"इथे घड्याळात एकचा ठोका पडला. साहेबाने छत्री खाली घेतली आणि संपलं म्हणाला."

"नि माझा पोर कुठं?"

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. त्याचा पत्ता किल्ल्याच्याच पाठीमागच्या गल्लीतला आहे, हे मी आदल्या दिवशी गोदीतल्या पहारेकऱ्याकडून काढलं होतं. रजा मला एकच दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. सकाळी कामकरी माणूस घरी नसणार, तेव्हा आधी शहर बघावं आणि मग त्याच्याकडे जावं, असा मी बेत केला. शहर बघायची मला इच्छाही होती, तेही लिहिलं पाहिजे. आमच्याकडे शिमग्यात पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून उठते, घरं घेत, वाड्या घेत फिरते आणि शेवटी सहाणेवरच येते. देवळाची प्रदक्षिणाही तशीच. पुढे चालणारा माणूस निघाला तिथेच परत आणून सोडणार, यात मला शंका आली नाही. विचारावं असं सुचलंसुद्धा नाही.

घड्याळाखाली मी साहेबाला विचारलं, आता परत केव्हा निघायचं? तो हसला. परत कुठे, इथेच संपतं, म्हणाला. मी पत्ता दाखवला. तो म्हणाला, अहो, हे तर आपण सकाळी उभे होतो तिथेच. मग तो हसायचा थांबला. त्याने मला बसचा नंबर सांगितला, पण भलतीकडे उतरेन म्हणून मी मोजलेल्याच रस्त्याने परत निघालो. दाराशी पोचलो तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते.

हे सगळं मी वहिनीला मोरीवर सांगितलं. तिने पाटी कठड्यावर ठेवली.

"किल्ल्यापासून त्याचं घर किती पावलं?"

"नऊशे चाळीस. नंतर मोजली."

"नि सकाळी दहाला तो कुठं हुता?"

हा प्रश्न तिने पडवीत विचारला नव्हता आणि मीही आपण होऊन बोललो नव्हतो. घरमालकीण म्हणाली होती, की या आठवड्यात त्याची दुपारची पाळी आहे. बारापर्यंत झोपला होता, जेवला आणि दीडला गेला. कारखाना कुठे ते तिला माहीत नव्हतं. रात्री अकराशिवाय येत नाही. बोट सोडून पळालेला मुलगा गोदीत मला भेटायला येणं शक्य नव्हतं.

"घरी होता," मी म्हणालो.

"म्हंजे तुम्ही त्याच्याकडं पाठ करून निघालात."

"होय."

"खांब चढलात."

"होय."

आम्ही बाजार केला, मीठ आणि रॉकेल घेतलं, परत आलो. घराशी आल्यावर तिने पाटी पायरीवर ठेवली आणि विचारलं, "इथून पलीकडं नऊशे चाळीस कुठवर येतात?" मी पुढे चाललो, ती मागे. पऱ्याच्या ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून, नाचणीच्या एका वरकस शेताच्या बांधावर आकडा पुरा झाला. ती तिथे उभी राहिली आणि तिने आमच्या घराकडे बघितलं. पडवीत वाळत घातलेलं लुगडं तिथून स्पष्ट दिसत होतं.

"हाक मारली तर ऐकू येईल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पत्र लिहायला बसवलं. मी नेहमीसारखं इकडील सर्व क्षेम असं सुरू केलं, तर म्हणाली, ते खोडा. "लिहा, तुझा काका तुझ्यापासून नऊशे चाळीस पावलांवर हुता नि दुसरीकडं गेला. त्याची चूक झाली. तुझी चूक मी विचारीत नाय. जाडा हायेस का रोड, तू सांग." माझी चूक मला माझ्याच हाताने लिहावी लागली. मी ती लिहिली. आकडा अक्षरी लिहिला, म्हणजे वाचताना घोटाळा नको.

उत्तर अडीच महिन्यांनी आलं. अर्धं पान होतं. पीठ संपलं, जवळा मालकिणीने फेकून दिला, तब्येत बरी आहे, वजन सव्वाशे पौंड. खाली लिहिलं होतं, "काकांना सांगणे की मी रविवारी किल्ल्याच्या दरवाज्यापासून चालून पाहिलं. आठशे साठ भरली."

वहिनीने विचारलं, "कमी का?"

"त्याचं पाऊल माझ्याहून लांब आहे."

"ढांगा टाकतो तो. पहिल्यापासून," ती म्हणाली. मग सव्वाशे पौंड म्हणजे जाडा का रोड ते विचारलं. त्याची उंची धरून मी मध्यम म्हणालो.

केव्हा येणार ते पत्रात नव्हतं. तिने ते मला दोनदा शोधायला लावलं. मी दोन्ही वेळा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.