शेठचं जर्मन घड्याळ

मंचरला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती म्हणायची, पण दिवस जातो सेल बदलण्यात आणि पट्टे कमी करण्यात. समोरच्या कापड दुकानाचे शेठ एका सकाळी रस्ता ओलांडून आले आणि रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं. जर्मनीत राहणाऱ्या मुलीने पाठवलेलं.

"दोन दिस चाललं अन् बंद पडलं. सेल टाक."

घड्याळ दिसायला अगदी साधं होतं. पातळ, पांढरी डायल, बारीक काटे, तारीखसुद्धा नाही. मी ते उलटं केलं. मागे काच होती आणि आतलं यंत्र दिसत होतं. डोळ्याला भिंग लावलं. स्क्रू निळे होते; तो निळा रंग पोलाद तापवून आणलेला. चक्र धरून ठेवणाऱ्या पट्टीवर कुणीतरी हाताने वेलबुट्टी कोरली होती. ज्या कडांकडे कुणी बघणार नाही, त्याही घासून चकचकीत केल्या होत्या. तीस वर्षं घड्याळं उघडतोय, पण अशा कामाबद्दल नुसतं ऐकून होतो.

"शेठ, याला सेल नसतो. रोज चावी द्यावी लागते."

शेठनी संधिवाताने वाकलेली बोटं पुढे केली. "ह्या बोटांनी?"

मग ते रोज दहाला येऊ लागले. मी चावी द्यायचो, ते चहा मागवायचे.

तीनेक वर्षांनी घड्याळ मागे पडू लागलं. आतलं तेल वाळलं असणार. शेठ म्हणाले, "उघडून साफ कर की."

उघडायची इच्छा मला पहिल्या दिवसापासून होती. मी सगळ्यात बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं पातंही त्या निळ्या स्क्रूच्या खाचेला जाड होतं. जरा घसरलं असतं, तर चरा कायमचा राहिला असता. हायवेवरून कांद्याचा ट्रक गेला की माझं काउंटर हलतं. मी हत्यार खाली ठेवलं.

"हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, शेठ. मुलीकडं पाठवा, तिथं बनवणारेच उघडतील."

"एवढी वर्षं करतोस अन् भितोस व्हय?"

"भितो."

ते उठून गेले. आठवडाभर आले नाहीत. दिवाळीला मुलगी आली आणि जाताना घड्याळ घेऊन गेली. त्यानंतर शेठ पुन्हा दहाला येऊन बसू लागले, रिकाम्या मनगटाने.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुलीने शेठच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यांचं घड्याळ पूर्ण सुटं करून एका पांढऱ्या ट्रेमध्ये मांडलेलं होतं. शेठनी मोबाइल माझ्यासमोर काउंटरवर ठेवला.

"एवढं सगळं यात व्हतं?"

त्यांनी एकेका भागावर बोट ठेवलं आणि मी नावं सांगत गेलो. दोन भागांची मला माहीत नव्हती. तसं मी त्यांना सांगितलं.