बोट उचलून बोलायचं

मला वाचायला शिकवलं ते सुमनमाईंनी. हे आधी लिहिते, कारण त्या गेल्याचं लिहायला लागले की डोकं तापतं... तीन आठवडे झाले, अजून तापलेलंच आहे.

सुरगाण्याहून नाशिकच्या शिवेवर माईंच्या फुलांच्या मळ्यात कामाला आले तेव्हा पाचवीत सुटलेली शाळा मी विसरूनही गेले होते. झेंडू तोडून झाला की दुपारी माई ओसरीत पोथी उघडायच्या आणि माझं बोट ओळीवर ठेवायच्या. एकदा मी अडखळले आणि पुढचं मनानंच ठोकून दिलं, "नशिबात नाही ते मागू नये, असं लिहिलंय."

"कुठं? बोट ठेव."

बोट कुठंच ठेवता येईना. माई हसल्या. "यमे, हे तुझं रडगाणं हाय, देवाच्या नावावर नको खपवू. पोथीतलं सांगताना बोट ओळीवर. सोताचं बोलायचं तर बोट उचल, मग काय ते बोल." त्याही तसंच करायच्या. चिडल्या की बोट वर, अन् पोथीतल्या राजालाही शिव्या!

त्यांना धाप लागली आणि दोन दिवसांत सगळं संपलं. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचे धाकटे दीर, आबा, तीच पोथी घेऊन ओसरीत बसले. घर भरलेलं. दोन ओळी वाचून आबांनी मान वर केली, "इथं स्पष्ट लिहिलंय, बाईनं पोथीला हात लावला की तिची कूस उजवत नाय. वहिनीचंच बघा ना." बायकांनीही माना डोलावल्या. माझ्या अंगाची आग झाली. ते पान मला पाठ आहे. त्यात वाटसरूला पाणी पाजणारी एक म्हातारी आहे, बाकी काही नाही.

"आबा, कुठल्या ओळीत? बोट ठेवा ना."

"पाचवीतनं पळालेली तू मला पोथी शिकवणार? जा, हार ओव."

लोक हसले. आणि मी गप्प बसले. माझी राहायची खोली आता आबांच्या हातात, हेच मनात आलं. राग आबांचा आहेच, पण त्याहून जास्त या गप्प बसण्याचा आहे.

पोथी आबांच्या कपाटात आहे, लाल फडक्यात. पण तिच्या ओळींखाली माईंच्या बोटाचे झेंडूचे पिवळे डाग आहेत, ते कोण पुसणार? माई, वर्षश्राद्धाला ती पोथी मी मागून घेईन. खोली गेली तर जाऊ दे. त्याच ओसरीत, त्याच लोकांसमोर, तुमच्या डागावर बोट ठेवून ते पान वाचेन. मग बोट उचलेन... आणि माझं बोलेन.